तेल काढणारा आणि तपासणारा एकाच घरचा नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खोल समुद्रात तेल आणि गॅस शोधायची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली, तेव्हापासून मी पेपरात त्याबद्दल येणारी प्रत्येक बातमी वाचालोय, कात्रणं पण काढून ठेवलीत. किती नवीन भाग खुला झाला, किती तेल मिळेल, बाहेरून आणायचं किती कमी होईल, सगळं येतं. पण विहीर फुटली, म्हणजे आतला तेल-गॅस दाबानं उसळून बाहेर आला, तर काय, आग लागली तर तिथली माणसं उतरवायची कशी, तेल सुटलं तर कोण आणि कशानं अडवणार, हे मला एका पण कात्रणात सापडलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, समजून घ्या.

आधीच सांगतो, मला तेल काढायला विरोध नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, तिकडं आखातात काही खुट्ट झालं की इथं निपाणीत गाडीभाडं वाढतं हे मला पण कळतं. काढा तेल. पण तेल वाढवायची जबाबदारी ज्या खात्यावर, त्याच खात्याच्या हाताखाली सुरक्षा तपासणारा, हे बदला एवढंच माझं म्हणणं आहे.

बेळगावात समुद्र कुठाय, तुम्हाला काय करायचंय त्याचं, असं कट्ट्यावर दोघांनी मला विचारलं. माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, आयटीआय करून वेल्डर झाला आणि गेली काही वर्षं मुंबईच्या समुद्रात बार्जवर, म्हणजे माणसं-सामान ठेवायच्या सपाट जहाजावर, कामाला जातो. कायमची नोकरी नाही, कंत्राटदाराच्या खालच्या कंत्राटदाराच्या खाली. पावसाळा संपला की फोन येतो, मे संपता संपता परत. आमच्या खानापूर तालुक्यातली अजून काही पोरं अशीच जातात, कोण फिटर, कोण रिगर, कोण किचनमध्ये. शेती पावसावरची, घरात दोन भाऊ असले की एकानं बाहेर पडायचंच. पोहायला येणारी पोरं थोडीच आहेत, आमच्याकडं नदीत डुंबलेली असतात तेवढंच, समुद्र त्यांनी गोव्याला ट्रिपला गेल्यावर बघितलेला.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा भाचा समुद्रात होता. त्याची बार्ज वेळेत बंदराला लागली, १५ तारखेला रात्री त्याचा फोन आला मामा आम्ही आत आलो म्हणून, बहीण देवापुढं बसून होती ती तेव्हा उठली. सगळ्याच बार्ज आत आल्या नाहीत. हिरा तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाची बार्ज नांगर टाकून तिथंच थांबली, वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत गेली आणि १७ तारखेला बुडाली. वर २६१ माणसं होती. नौदलाच्या आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता या जहाजांनी त्या असल्या लाटांत १८६ जणांना वर ओढून काढलं, त्यांचे उपकार मोठे. बाकीचे गेले. वरप्रदा नावाचा टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, पण बुडाला, त्यावरचे १३ पैकी २ वाचले. सगळे मिळून ८६ माणसं गेली. आणि हे वादळ काय रात्रीतून आलेलं नव्हतं, हवामान खात्याचे इशारे आधी काही दिवस येत होते. वाचलेल्यांतल्या काहींनी तेव्हा सांगितलं की लाइफ राफ्ट पंक्चर निघाले, फुगेनात. तिथं विहीर फुटली नाही, तेल पण सांडलं नाही, तरी ८६ माणसं गेली. म्हणून मी म्हणतो की सुरक्षा म्हणजे फक्त विहिरीची सुरक्षा धरू नका, तिच्या भोवती जी बार्ज, टग, हेलिकॉप्टर फिरतात ती सगळी त्यात धरा. हेलिकॉप्टरचं पण तेच, २८ जून २०२२ ला सागर किरण या रिगजवळ, म्हणजे विहीर पाडायच्या सांगाड्याजवळ, पवनहंसचं हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, ९ जणांतले ४ गेले.

भाच्याला मी विचारलं की वादळ आलं की आत जायचं का नाही हे ठरवतं कोण. म्हणाला मामा आम्हाला काय विचारतात व्हय, वरनं ठरतं. काम थांबलं की दिवसाचं भाडं बुडतं, परत बाहेर यायला दोन दिवस जातात, मग ज्याचं भाडं बुडतं तोच ठरवणार की थांबायचं. हा निर्णय त्याच्या हातात ठेवूच नये. वादळाचा अमुक इशारा लागला की अमुक तासांच्या आत सगळ्या बार्ज बंदरात, आणि तो हुकूम बाहेरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा, कंत्राटदाराचा नाही, असं लेखी पाहिजे.

आता मी कोण हे सांगतो म्हणजे पुढचं लिहायचा मला अधिकार काय ते कळेल. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ३१ वर्षं हायड्रॉलिक फिटर होतो. सिलिंडर, पॉवर पॅक, व्हॉल्व्ह ब्लॉक, प्रेशर टेस्टिंग यात माझं आयुष्य गेलं. बेळगाव हे हायड्रॉलिक्सचं आणि फाउंड्रीचं गाव, इथल्या माणसाला सील म्हणजे काय, प्रेशर म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. समुद्रातल्या विहिरीच्या तोंडावर जो शेवटचा राखणदार बसवतात त्याला ब्लोआउट प्रिव्हेंटर म्हणतात, कामावरची माणसं बीओपी म्हणतात. मोठमोठे व्हॉल्व्ह आणि रॅम, म्हणजे आडवे सरकणारे जाड लोखंडी ठोकळे, एकावर एक रचलेले, खालून तेल-गॅस उसळून आला की हायड्रॉलिक प्रेशरनं रॅम दोन्ही बाजूंनी आत येतात आणि विहीर बंद करतात, अगदीच वेळ आली तर मधला पाइप कापून बंद करतात. म्हणजे शेवटी आमचंच काम, ॲक्युम्युलेटर, सोलेनॉइड, सील, होज.

२० एप्रिल २०१० ला अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन रिगवर हाच शेवटचा राखणदार चालला नाही. चौकशीत काय निघालं वाचून मला त्या रात्री झोप लागली नव्हती. दोन कंट्रोल पॉड, म्हणजे बीओपीला हुकूम देणाऱ्या पेट्या, एकाची बॅटरी उतरलेली, दुसऱ्याच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, दोष, हायड्रॉलिक लाइनीत लीकेज, आणि पाइप वाकून मध्यभागातून सरकल्यामुळं कापणाऱ्या रॅमला तो नीट कापताच आला नाही. त्याच्या आधी विहिरीचं सिमेंट धरलंय का बघायला प्रेशर टेस्ट घेतलेली, तिच्यात प्रेशर नको तिथं चढत होतं, तरी टेस्ट पास धरली. ११ माणसं जागेवर गेली, तेल ८७ दिवस सुटत राहिलं, तिथल्या सरकारचा अंदाज साधारण ४९ लाख बॅरल. ही विहीर वेळापत्रकाच्या मागं पडलेली होती, खर्च वाढलेला होता, उरकायची घाई होती. प्रेशर गेज खोटं बोलत नाही, बघणाऱ्याला जे बघायचंय तेच तो बघतो, हे मी आमच्या शॉपमध्ये किती वेळा बघितलंय.

आमच्याच शॉपचं सांगतो, नाव लिहीत नाही. सुरुवातीची काही वर्षं आमच्याकडं क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली होता. महिन्याच्या २८, २९ तारखेला डिस्पॅचची घाई, टेस्ट बेंचवर सिलिंडर लावला, प्रेशर धरायला पाहिजे दहा मिनिटं, सहाव्या मिनिटाला सुई हलकीशी खाली, क्वालिटीवाला मॅनेजरकडं बघणार, मॅनेजर घड्याळाकडं, आणि सिलिंडर पास. माणूस वाईट नव्हता तो, पण त्याची पगारवाढ मॅनेजरच्या हातात होती. एकदा बाहेरगावी एका जॉबवर सील गेलं आणि तिथला ऑपरेटर जखमी झाला, मग मालकानं क्वालिटी प्रॉडक्शनच्या हातातून काढून थेट स्वतःकडं घेतली. तेच माणूस, तोच बेंच, तीच सुई, पण रिजेक्शन एकदम वाढलं, चार-सहा महिने सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि नंतर माल सुधारला.

आपल्या देशात समुद्रातल्या तेलकामाची सुरक्षा बघते ती ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट, ओआयएसडी म्हणतात, १९८६ साली सुरू झाली. ती पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली. तेल काढणारी सगळ्यात मोठी सरकारी कंपनी ओएनजीसी पण त्याच मंत्रालयाच्या हाताखाली. उत्पादन वाढलं पाहिजे म्हणून कंपनीच्या मागं लागणारं तेच मंत्रालय. आणि ओआयएसडीत बसणारे इंजिनियर बरेचसे तेल कंपन्यांतूनच डेप्युटेशनवर आलेले, काही वर्षांनी परत आपापल्या कंपनीत जाणारे. ती माणसं हुशार आहेत, अनुभवी आहेत, मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नाही. पण उद्या ज्याच्या हाताखाली परत जायचंय त्याच्या रिगला लाल शेरा मारायचा म्हणजे त्या माणसावर किती ओझं पडतं बघा. आमच्या क्वालिटीवाल्याची जी अवस्था होती तीच ही, फक्त इथं सिलिंडरच्या जागी सगळा समुद्र आहे.

बाहेरच्या देशांनी ही गोष्ट माणसं गमावून शिकली. ६ जुलै १९८८ ला इंग्लंड-नॉर्वेच्या मधल्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म, म्हणजे समुद्रात उभारलेला तेल-गॅस काढायचा मोठा सांगाडा, जळाला, १६७ माणसं गेली. कारण काय, तर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा दुरुस्तीला काढला होता, तिथं नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड झाकायची चकती, लावलेली, आणि रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ते पोचलंच नाही, परमिटचा कागद कुठंतरी राहिला. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. शिफ्ट बदलताना सांगायचं राहिलेली एक गोष्ट. शेजारच्या दोन प्लॅटफॉर्मना आग दिसत होती तरी तिथून पाइपलाइनीत तेल येत राहिलं, बंद करायचा निर्णय घ्यायचा कोणी हे ठरेना. आणि माणसांना राहायच्या खोल्यांत थांबायला सांगितलेलं, हेलिकॉप्टर येईल म्हणून, धुरानं हेलिकॉप्टर उतरूच शकलं नाही. वाचले ६१, त्यात बरेच स्वतःच्या डोक्यानं समुद्रात उड्या मारलेले.

त्याची चौकशी लॉर्ड कलन या न्यायाधीशांनी केली, १९९० ला १०६ शिफारशी दिल्या आणि त्यातली एक मोठी हीच की समुद्रातल्या सुरक्षेची तपासणी ऊर्जा खात्याकडून काढून वेगळ्या आरोग्य-सुरक्षा खात्याकडं द्या. दिली. शिवाय नियमच बदलला, सरकारनं यादी द्यायची आणि कंपनीनं टिक मारायची हे बंद, कंपनीनंच आधी सिद्ध करून दाखवायचं की आमच्या या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं आणि त्यासाठी आम्ही काय केलंय, ते पटलं तरच प्लॅटफॉर्म चालवायला मिळणार. नॉर्वेनं २००४ ला तेलाचं खातं आणि तेलाच्या सुरक्षेचं खातं वेगळं केलं. अमेरिकेत २०१० पर्यंत एकच ऑफिस तेलाची रॉयल्टी गोळा करत होतं आणि तेच रिग तपासत होतं, त्या ११ माणसांनंतर ते फोडलं. ऑस्ट्रेलियात २००९ ला माँटारा विहिरीतून ७४ दिवस तेल वाहिलं, त्यांनी पण २०१२ ला पर्यावरण आणि सुरक्षा एकाच स्वतंत्र संस्थेकडं दिलं.

आपल्याकडं पण असा दिवस येऊन गेलाय, लोक विसरलेत. २६ जुलै २००५ म्हटलं की मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला ते आठवत नाही. एका जहाजावर कुकची बोटं कापली, हवेमुळं हेलिकॉप्टर येईना, म्हणून समुद्र सुरक्षा हे जहाज त्याला उतरवायला प्लॅटफॉर्मला चिकटलं, लाटांत त्याचा धक्का रायझरला, म्हणजे प्लॅटफॉर्म आणि समुद्रतळ जोडणाऱ्या गॅसच्या पाइपला बसला, गॅस सुटला आणि दोनेक तासांत १९८१ साली उभारलेला अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात. ३८४ माणसांतली ३६२ वाचवली, २२ गेली. जहाजाचं नावच समुद्र सुरक्षा होतं. जखमी माणसाला उतरवायला धडपडणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं. पण जहाजं येतात जातात त्या बाजूला उघडे रायझर, धक्का झेलायला पुरेसं काही नाही, हे कागदावर कुणाला दिसलं नसेल का. तीन वर्षांनी, २००८ ला, समुद्रातल्या कामाच्या सुरक्षेचे वेगळे नियम आले, चांगली गोष्ट झाली, पण तपासणारी संस्था आहे त्याच घरात राहिली.

आणि दंडाचं बघा. १९४८ चा तेलक्षेत्रांचा जो कायदा आहे त्यात पूर्वी नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२५ ला कायदा सुधारला, कैद काढली, दंड २५ लाखांपर्यंत केला आणि मोडतच राहिला तर रोजचा १० लाखांपर्यंत. हजारावरून २५ लाख हे वाचायला मोठं वाटतं. पण समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या एका जॅकअप रिगचं एका दिवसाचं भाडंच याच्या वर जाऊ शकतं. म्हणजे टेस्टसाठी एक दिवस रिग थांबवण्यापेक्षा दंड भरलेला स्वस्त पडायचा. दंड कंपनीच्या उलाढालीच्या टक्क्यात पाहिजे, आणि माणूस गेला असेल तर सही कुणाची होती तिथपर्यंत गेलं पाहिजे.

आता तेल सांडल्यावरचं. आमच्या बेळगावकरांना मे महिन्यात गोव्याच्या बीचवर पाय काळे होतात हे माहीतच आहे. चोर्ला घाट उतरून कलंगुटला, मांद्रेला जायचं, पोरं वाळूत खेळून आली की तळपायाला डांबराचे गोळे, खोबरेल तेल चोळून चोळून काढायचे. पावसाळ्याच्या तोंडाला वारं फिरलं की हे गोळे किनाऱ्याला लागतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे गोळे तपासलेत, जसे बोटांचे ठसे असतात तसे तेलाचे रासायनिक ठसे असतात, त्यात टँकर धुतलेल्या तेलाकडं जाणारे धागे निघालेत आणि मुंबई हायकडं जाणारे पण. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडं जातो. म्हणजे वर मुंबईच्या बाजूला सांडलेलं सिंधुदुर्ग, गोवा, कारवारकडंच यायचं.

कारवारनं ते बघितलेलं पण आहे. ३० मे २००६ ला ओशन सेराया नावाचं जहाज कारवारसमोर ऑयस्टर रॉकवर चढलं. पोटात साधारण ६५० टन फर्नेस ऑइल. ऐन पावसाळ्याचं तोंड, समुद्र खवळलेला, तेल काढून घेणं जमेना, कारवारच्या किनाऱ्याला तवंग लागला आणि गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. मासे सुकवून पावसाळा काढणाऱ्या बायकांचं तेव्हा काय झालं असेल. आमच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात कारवारचा बांगडा येतो, गोव्याची सुरमई येते, तो बांगडा ज्या पाण्यातला ते पाणी आमचं नाही असं कसं म्हणू. आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीला जाऊन त्याच समुद्राला मिळते. म्हादईच्या पाण्यावरून आम्ही तीन राज्यं इतकी वर्षं भांडतोय, ती जिथं पोचते तिथलं पाणी राखायला पण तिघांनी एकत्र बसावं.

तेल सांडल्यावरचं काम आपल्याकडं कोस्ट गार्डकडं आहे. १९९६ पासून राष्ट्रीय तेलगळती आराखडा आहे, ७०० टनांपर्यंतची गळती ज्याची त्या बंदरानं किंवा तेल कंपनीनं स्वतःच्या सामानानं आवरायची, त्याच्या वर गेलं की कोस्ट गार्ड. कोस्ट गार्डची माणसं जिवावर उदार होऊन काम करतात यात शंका नाही. खास तेल गोळा करायची जहाजं आहेत, समुद्र प्रहरी, समुद्र पहरेदार, समुद्र पावक, आणि समुद्र प्रताप तर आपल्या शेजारी गोवा शिपयार्डमध्ये बांधलं, ऑगस्ट २०२४ ला पाण्यात सोडलं, वाचून आनंद झाला. दोन वर्षांनी एकदा नॅटपोलरेक्स म्हणून मोठा सराव होतो. पण नव्या मोजणीनं साधारण अकरा हजार किलोमीटरचा किनारा आणि मोजकी जहाजं.

आणि सामान असलं तरी काय होतं ते अमेरिकेनं दाखवलंय. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, हजारो बोटी, तरी डीपवॉटर हॉरायझनच्या त्या ८७ दिवसांत जेवढं तेल सुटलं त्यातलं स्किमरनं, म्हणजे पाण्यावरचं तेल ओढून घेणाऱ्या यंत्रानं, वरून गोळा झालं ते साधारण ३ टक्के, जाळलं ते ५ टक्के. साबणासारखं रसायन, डिस्पर्संट, ओतलं ते जवळपास ७० लाख लिटर, त्यानं तेल दिसायचं कमी होतं पण जात नाही, बारीक होऊन पाण्यात मिसळतं. म्हणजे एकदा सुटलेलं तेल परत गोळा होत नाही हे धरूनच चालायला पाहिजे, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर समुद्र असा असतो की बूम, म्हणजे तेल अडवायचा तरंगता पट्टा, टाकली तरी लाट तिच्यावरून तेल घेऊन पलीकडं जाते. म्हणून मी सगळा जोर आधीच्या तपासणीवर देतोय.

तरी तयारी लागेलच. २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, सुरुवातीला सांगितलं तेल गळालं नाही, आणि मग सगळ्या देशानं फोटो बघितले की पोरं बादल्यांनी तेल उपसतायत. उघड्या हातांनी. मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ कोचीसमोर बुडालं, कंटेनरमध्ये पाणी लागलं की पेटणारा गॅस सोडणारं कॅल्शियम कार्बाइड होतं, टाकीत फर्नेस ऑइल, प्लॅस्टिकचे दाणे केरळच्या वाळूत महिनोन्महिने निघत राहिले. ही जहाजं होती, विहिरी नव्हेत. जहाजाच्या पोटात किती तेल ते मोजलेलं असतं, विहिरीचं तसं नसतं, ती बंद होईपर्यंत येतच राहते. आसामात बागजानची विहीर २७ मे २०२० ला फुटली ती पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला, आणि ती जमिनीवर होती, गाड्या, क्रेन, पाणी सगळं तिथपर्यंत नेता येत होतं.

भरपाईचा पण प्रश्न आहे. टँकरमधनं तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय करार आहेत, विमा सक्तीचा आहे. समुद्रातल्या विहिरीतनं सांडलं तर तसा जगभराचा एकच करार नाही, ज्यानं त्यानं आपल्या देशात बघायचं. मग आपण आधीच पैसे ठेवून घेतले पाहिजेत. नवीन भागात विहीर पाडायला परवानगी देतानाच कंपनीची मोठी बँक गॅरंटी, आणि त्यातून मच्छीमाराला पंधरा दिवसांत पहिला हप्ता, कोर्टात दहा वर्षं न झिजवता. मालवणच्या, काणकोणच्या, कारवारच्या मच्छीमारांना आत्ताच बूम टाकायचं ट्रेनिंग द्या, हातमोजे-मास्क त्यांच्या सोसायटीत ठेवा. किनारा त्यांच्याएवढा कुणाला कळतो? मोरजी, गालजीबागला कासवं अंडी घालतात, पहिली बूम कुठल्या खाडीच्या तोंडाला टाकायची हे त्यांना विचारूनच नकाशावर लिहून ठेवा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिघांचा एकच नकाशा.

परत पोरांकडं येतो, कारण माझा जीव तिथंच अडकलाय. भाच्याला पहिल्यांदा पाठवलं तेव्हा सुरक्षेचं ट्रेनिंग म्हणून अर्ध्या दिवसात सगळं उरकलं, इंग्रजीत व्हिडिओ, थोडं हिंदी, शेवटी सहीचा कागद. त्यानं सही केली, काय लिहिलंय वाचता आलं नाही. मराठी आणि कन्नड त्याला दोन्ही येतं, त्यातल्या एका पण भाषेत एक ओळ नव्हती. मस्टर कुठं व्हायचं, म्हणजे धोका झाला की कुठं जमायचं, लाइफ राफ्ट कशी उघडायची हे त्याला सोबतच्या एका वयस्कर रत्नागिरीच्या माणसानं शिकवलं. सरावाला कंत्राटी पोरांना कधी बोलवायचे कधी नाही, काम चालू असायचं ना. हे सगळं कागदावर व्यवस्थित दिसतं याची मला खात्री आहे, तपासायला येणारा आला तर त्याला सही दाखवतील.

म्हणून नवीन संस्था काढाल तेव्हा तिचा माणूस आगाऊ न कळवता बार्जवर उतरला पाहिजे आणि त्यानं कागद बघायच्या आधी तिथल्या सगळ्यात नवीन हेल्परला विचारलं पाहिजे, आग लागली तर कुठं जाणार दाखव. धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कंत्राटी माणसाला पण, आणि त्यानं थांबवलं म्हणून पुढच्या सीझनला त्याचं बोलावणं बंद झालं तर त्याची तक्रार घेणारा कोणीतरी मुंबईत पाहिजे, ज्याचा फोन नंबर त्याच्या भाषेत बार्जच्या भिंतीवर लिहिलेला असेल. तपासणीचे रिपोर्ट, अपघाताच्या चौकशीचे रिपोर्ट ठरलेल्या दिवसांत वेबसाइटवर आले पाहिजेत, पूर्ण. कलन यांचा रिपोर्ट उद्यमबागेतला एक फिटर घरात बसून वाचू शकतो, मग आपल्या पी-३०५ चं सगळं त्या ८६ घरांना त्यांच्या भाषेत वाचायला का मिळू नये?

आपल्या भागातल्या खासदारांना, आमदारांना पण माझी विनंती आहे, मराठी असोत कन्नड असोत. खोल समुद्राच्या मोहिमेची चर्चा सभागृहात येईल तेव्हा किती बॅरल हे सगळे विचारतील, तुम्ही एवढंच विचारा की तपासणारा कुणाच्या हाताखाली आहे. पहिली खोल विहीर पाडायच्या आधी हे ठरलं पाहिजे, नंतर नाही.

संपादक साहेब, जागा कमी पडली तर हायड्रॉलिकचा, बीओपीचा भाग कापा, चालेल. कंत्राटी पोरांचा भाग तेवढा कापू नका. भाचा दसऱ्यानंतर परत जाणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त हायड्रॉलिक फिटर)
ता. खानापूर, जि. बेळगाव